टिकल्यांची बंदूक आणि तेलाची बुधली

फार मागं, तुमचे आजोबा चड्डी सावरत हिंडायचे तेव्हा, मी वाघ मारलाय. वाघ पुठ्ठ्याचा होता आणि पडला वाऱ्यानं. पण फट् आवाज माझाच! मी दिवाळीत टिकल्या फोडणारी पत्र्याची बंदूक.

पुढं गंजले. टिकलीवर आपटणारा माझा घोडा अडकला आणि मी भंगारात गेले. तिथनं जुन्या खेळण्यातल्या बंदुका जमवणारे गुंडोपंत मला घरी घेऊन आले. त्यांच्या काचेच्या कपाटात माझ्यासारख्या पुष्कळ नटव्या बसलेल्या. पंत म्हणाले, "घोडा हलला तर हिला कपाटात जागा, नाहीतर परत भंगारात."

त्यांनी तेलाची बुधली माझ्यावर कलती केली. भीती लपवायला मी तिलाच डिवचलं, "काय गं ढेरपोटे, माझ्यावर थुंकतेस होय?"

ती थेंब थेंब तेल सोडत राहिली. संध्याकाळी घोडा हलला, पंतांनी टिकली लावली आणि फट्! पंत पोरासारखे टाळ्या पिटत नाचले.

मी म्हटलं, "बुधलीताई, तू होतीस म्हणून वाचले. तुझे उपकार जन्मात विसरणार नाही."

बुधली म्हणाली, "विसर गं खुशाल. पुन्हा गंजलीस की आठवेनच मी."