तीनशेला जागा

"पण एका पोराला दोन खण कशाला, सर? एकात भागतंय की."

गुरव सर बशीतल्या चहावर फुंकर घालत होते. उत्तराची घाई त्यांना कधीच नसायची.

विचारणारा उदय हेरवाडे हा त्यांचा सगळ्यात हुशार शिष्य. हे गावाला माहीत होतं, सरांना माहीत होतं, आणि उदयला जरा जास्तच माहीत होतं.

गाव यंत्रमागांचं. रस्त्यावरून हाक मारली तरी ती मागांच्या खडखडाटात विरून जायची. त्या गावात शिक्षण मंडळाच्या माडीवर एकुलता एक कॉम्प्युटर होता. चौसष्ट के मेमरीचा. आज कुणी तसला फुकट दिला तरी घरात ठेवून घेणार नाही, पण तेव्हा त्याच्या खोलीत चपला काढून जावं लागे.

मेमरी म्हणजे खणांचं कपाट, असं सर शिकवायचे. एका खणात शून्यापासून दोनशे पंचावन्नपर्यंतचा आकडा बसतो. त्याहून मोठा आकडा ठेवायचा तर दोन खण जोडून घ्यायचे. आणि खण मोजकेच असल्यामुळे एकेकाचा हिशेब ठेवायचा, कंजूष माणूस तेलाचा ठेवतो तसा.

मंडळ दर वर्षी सातवीच्या मुलांची गुणवंत परीक्षा घेई. शंभराचे तीन पेपर, एकूण तीनशे. जी मुलं वर येतील त्यांना निवासी शाळेत बारावीपर्यंत फुकट शिक्षण. मागावर राबणाऱ्या घरांसाठी ही परीक्षा म्हणजे पोराला त्या खडखडाटातून बाहेर काढण्याचा एकमेव रस्ता होता. निकालाचा प्रोग्रॅम गुरव सरांनी लिहिलेला. गणिताचे मास्तर म्हणून निवृत्त झाल्यावर, पन्नाशी कधीच उलटलेली असताना, ते यंत्राबरोबर आलेलं जाडजूड पुस्तक वाचून हे सगळं शिकले होते.

पण परीक्षेला बसणारी मुलं वाढत चालली होती. एकेका मुलाच्या बेरजेला दोन खण दिले की सगळी मुलं मेमरीत एका वेळी मावत नसत. मग सर अर्धी मुलं आधी घ्यायचे, अर्धी नंतर, फ्लॉपी काढायचे, घालायचे, दोन्ही याद्या जुळवायचे. दोन दिवस जायचे त्यात. उदयला हे बघवत नसे.

"पेपर कितीचा आहे?" सरांनी विचारलं.

"तीनशेचा."

"मग तीनशेला जागा पाहिजे."

"पण इथं तीनशे पडतात कुणाला, सर? आजवर अडीचशेसुद्धा कुणाला पडलेले नाहीत."

"पडतील," सर म्हणाले, आणि चहा प्यायले.

उदयला हसू आलं. ते त्यानं लपवलं, पण फार काही लपवलं नाही.

पुढं सर डोळ्याच्या ऑपरेशनसाठी महिनाभर घरी बसले, तेव्हा त्यानं प्रोग्रॅम उघडला आणि प्रत्येक मुलाचा एक खण काढून घेतला. तरी थोडी जागा कमी पडत होती. सरांनी प्रोग्रॅममध्ये एक तपासणी ठेवली होती: आकडा खणात मावेनासा झाला, तर यंत्रानं थांबायचं आणि पडद्यावर लिहायचं, 'आकडा मावत नाही, आधी बघा.' इतक्या वर्षांत ती ओळ पडद्यावर एकदाही आली नव्हती. कधीही न लागणारी गोष्ट इतके खण अडवून बसली आहे, हे बघून उदयला रागच आला. त्यानं तीही उडवली.

सगळी मुलं मेमरीत बसली. त्या वर्षीचा निकाल एका सकाळीत तयार झाला.

मंडळाचे कार्यवाह नेर्लेकर खूश झाले. दोन दिवसांचं काम जेवणाच्या आत, म्हणजे पोरगं सोन्याचं आहे असं ते चारचौघांत म्हणाले. सरांच्या डोळ्यांचं कारण हाताशी होतंच. सरांनी आता आराम करावा असं ठरलं, आणि माडीवरच्या खोलीची किल्ली उदयच्या हातात आली. सरांना विचारून घेऊ या, एवढं एक वाक्य उदय बोलू शकला असता. तो बोलला नाही. त्याला ती किल्ली हवी होती, हे खरं कारण.

गुरुपौर्णिमेला तो नारळ, शाल आणि छापलेल्या निकालाचा गठ्ठा घेऊन सरांच्या घरी गेला. पाया पडला. निकाल कशाला आणला होता? सरांनी बघावा म्हणून. बघून काहीतरी म्हणावं म्हणून. पाया पडायला आलेल्या माणसाला निकालाचा गठ्ठा लागत नाही, पण उदयला लागला.

सरांनी नारळ बाजूला ठेवला. कागद हातात घेतले. एकाला एक जोडलेले ते लांबलचक कागद. सगळं गाव ते वरून वाचायचं. पहिला कोण, दुसरा कोण.

सरांनी गठ्ठा उलटा केला आणि खालून वाचायला लागले.

"सर, पहिलं पान तिकडं आहे."

सरांनी ऐकलं नाही. कागद डोळ्यांशी नेऊन ते शेवटच्या ओळींवर बोट फिरवत होते. मग बोट थांबलं.

"विमल शिरगुप्पे," त्यांनी वाचलं. "पाच."

"असतात की सर काही पोरं. आईबाप बळंच बसवतात परीक्षेला."

"प्रश्न कसले असतात?"

"चार उत्तरं दिलेली. बरोबर असेल त्यावर खूण करायची."

"डोळे झाकून खुणा केल्या तर किती पडतील?"

उदयनं हिशेब केला. चारात एक. "पंचाहत्तर," तो म्हणाला. "थोडे इकडंतिकडं."

"मग पाच कसे पडतील?"

उदयनं पुन्हा त्या ओळीकडं बघितलं.

"उदय, पाच पडायला सगळी उत्तरं यावी लागतात."

आता मात्र उदयच्या लक्षात आलं. स्कूटरवरचा किलोमीटरचा आकडा सगळे नऊ झाले की पुन्हा शून्यावर येतो. एका खणाचं तसंच असतं. दोनशे पंचावन्नपर्यंत सगळं सुरळीत. दोनशे छप्पन झाले की शून्य. दोनशे एकसष्ट झाले की पाच. हे त्याला ठाऊक नव्हतं असं नाही. सरांनीच शिकवलं होतं, पहिल्याच आठवड्यात.

"किती पोरं आहेत अशी?" त्यानं विचारलं.

"तीन दिसतात." सरांनी कागद खाली ठेवले. "दोनशे पंचावन्न पुरतील, हे तू कशावरून ठरवलंस?"

"आजवर सगळ्यात जास्त दोनशे अठ्ठेचाळीस पडलेत. मंडळाच्या फळ्यावर नाव आहे."

"कुणाचं?"

"माझं," उदय म्हणाला.

सर रागावले असते, तर उदयला बरं वाटलं असतं. त्यांनी फक्त कागदांची घडी घातली आणि त्याच्या हातात दिली.

तो पळतच माडीवर गेला. तिन्ही पेपरचे मार्क फ्लॉपीवर वेगवेगळे शाबूत होते. विमल शिरगुप्पे: अठ्ठ्याऐंशी, चौऱ्याऐंशी, एकोणनव्वद. परीक्षेत सगळ्यात पहिली आलेली मुलगी निकालात सगळ्यात शेवटच्या ओळींत होती, आणि तिला तिथं बसवणारा पोरगा गावात सोन्याचा म्हणून मिरवत होता.

नेर्लेकरांनी दार लावून घेतलं आणि शांतपणे ऐकलं. जागा भरल्या आहेत, शाळा सुरू झाली आहे, आता बभ्रा केला तर परीक्षेवरचा विश्वास उडेल आणि त्यात पुढच्या मुलांचं नुकसान होईल, असं त्यांचं म्हणणं पडलं. पुढच्या वर्षी दुरुस्त करून घ्या, बाहेर बोलू नका. कुणी तक्रार केली आहे का? कुणीच नाही. मग झालं तर. हे सगळं ते इतक्या मायेनं बोलले, की उदयला त्यांच्यापेक्षा स्वतःचीच किळस आली.

तिघांपैकी एक मुलगा डॉक्टरांचा. त्याला बापानं तोवर दुसऱ्या मोठ्या शाळेत घातलं होतं. दुसऱ्याचं कुटुंब गाव सोडून गेलं होतं आणि कुठं गेलं ते कुणाला सांगता येईना. उरली विमल.

शिरगुप्प्यांचं घर म्हणजे मागाच्या कारखान्याला लागून पत्र्याची एक खोली. बाप आत मागावर होता. विमल दारातच कांडी मशीनवर बसली होती. मागावर इकडून तिकडं धावणाऱ्या धोट्यात सुताची कांडी बसते, ती संपली की दुसरी लागते. त्या कांड्या दिवसभर भरत राहायच्या, हे तिचं काम. शाळा कधीच सुटली होती. पाच मार्क पडणाऱ्या पोरीला आठवीत कशाला पाठवायचं, असा बापाचा सरळ सवाल होता. तिची पुस्तकं शेजारच्या पोराला देऊन टाकली होती.

उदयनं सगळं सांगितलं. आपली चूक आहे हेसुद्धा सांगितलं. खडखडाटात दोनदा सांगावं लागलं.

विमलचे हात थांबले नाहीत. सूत तुटलं, ते तिनं न बघता चिमटीत धरून जोडलं.

"न्हाई वो," ती म्हणाली. "पाचच असत्याल. कॉम्प्युटर कशाला खोटं सांगंल?"

"कॉम्प्युटरला मीच चुकीचं सांगितलं होतं. तुला दोनशे एकसष्ट आहेत. तू पहिली आहेस."

"पेपर सोपा वाटला तवाच मला वळखाय पायजे हुतं," ती म्हणाली. "आपल्याला येत नसलं की सोपं वाटतंय. बाईपण तसंच म्हणाल्या शाळंत. माझं डोस्कं न्हाई तसलं."

ती रडत नव्हती. रुसलीही नव्हती. तिनं ते कबूल करून टाकलं होतं, आणि कबूल केलेल्या गोष्टीवर ती शांतपणे जगायला लागली होती. उदय फ्लॉपीवरचे तिन्ही पेपरचे मार्क एका कागदावर उतरवून घेऊन आला होता. तो त्यानं पुढं केला. तिनं हात धोतराच्या चिंधीला पुसले, कागद घेतला, बघितला आणि परत दिला.

आई आतून आली. तिनं उदयला चहा विचारला नाही.

"तुमी म्हंता तसं आसंल बी," ती म्हणाली. "मग आता शाळंत घेत्यात का तिला?"

"जागा भरल्यात," उदय म्हणाला.

"मग कशाला आलासा? चार दिस पोरगी जेवली न्हाई. आत्ता कुठं हाताला लागलीया. उगं आशा लावू नगासा."

तिथून तो थेट सरांकडं आला. सर अंगणात बाजेवर बसले होते. त्यानं आज वाकून नमस्कार केला नाही. त्याला ते सुचलंच नाही.

"सर, प्रोग्रॅम दुरुस्त केला," तो म्हणाला. "प्रत्येकाला दोन खण दिलेत. तुमची तपासणीपण परत घातली. लागू देत दोन दिवस."

सरांनी मान हलवली.

"नेर्लेकरांना मी किल्ली देऊन टाकतो. तुम्ही परत या."

"मला आता दिसत नाही नीट. किल्ली तुझ्याकडंच राहू दे." सर म्हणाले. "मुलगी काय म्हणाली?"

उदयनं सांगितलं.

"यंत्रातलं एका दुपारीत बदललं, सर. तिच्या डोक्यातलं बदलत नाही. कागद दाखवला, तरी तिला वाटतंय पाचच खरे." त्यानं डोळे पुसले. "पण मी ठरवलंय. मी रोज जाणार तिच्याकडं. मी शिकवीन तिला. तासभर का होईना. बाहेरून दहावीला बसवीन."

"तू शिकवणार?" सर म्हणाले.

"हो."

"मार्क कुणाला जास्त पडलेत?"

"तिला."

"मग तू शिकायला जा."

उदयनं त्यांच्याकडं बघितलं. सर थट्टा करत नव्हते. त्याला काही सुधरेना, आणि इतक्या दिवसांची दमणूक, लाज, चीड सगळी एकदम वर आली.

"ती काय शिकवणार मला, सर? ती कांड्या भरत बसलीय तिथं."

सरांनी बाजेवरची काठी घेतली आणि ते उठले. दाराशी जाऊन एक क्षण थांबले.

"मग कांड्या भरायला शीक," ते म्हणाले.