प्रज्ञामहालाची कडी

बाळराजे जेवेनात! परवापासून पोर नुसत्या दुधाच्या घोटांवर होतं आणि अख्खा राजवाडा ताट घेऊन त्याच्या मागे धावत होता.

दोष पोराचा नव्हता. मोगरखिंडीच्या बोधसेन महाराजांना सामान्यज्ञानाचं खूळ लागलं होतं. सर्वांत मोठं अंडं कोणाचं, उंटाला पापण्या किती, सगळं त्यांना तोंडपाठ. राणीसाहेब कशावरून रुसल्यात, एवढं सोडून! दिवसभर प्रज्ञामहालाला आतून कडी लावून ते पंडितांबरोबर प्रश्नोत्तरं करत बसत. बाहेरून कोणी कितीही दार वाजवलं, तरी आतून एकच उत्तर येई, "थांबा, एवढा प्रश्न संपू दे!"

आणि एके दिवशी त्यांनी फर्मानच काढलं. बाळराजांना "हा घास चिऊचा, हा घास काऊचा" म्हणत भरवणं बंद! यापुढे एका घासाला एक प्रश्न. उत्तर आलं तरच घास.

चार वर्षांचं पोर ते! राजप्रश्नाचार्य दामोदरबुवांनी वरणभाताचा घास पुढे धरला आणि विचारलं, "सांगा युवराज, उंटाला पापण्या किती?" युवराजांनी तोंड मिटलं ते मिटलंच.

शेवटी दाई भिवराला राहवेना. परसात नेऊन तिनं गुपचूप भरवायला घेतलं. गोष्टीतला कावळा चिमणीच्या दारात पोचेपर्यंत अर्धी वाटी भात पोटात गेला होता. पण त्याच वेळी दामोदरबुवाही परसात पोचले.

झालं! भिवराला महाराजांपुढे उभं केलं.

"माझं फर्मान मोडलंस?" महाराज गरजले. "त्या चिमणी-कावळ्याच्या थापांत ज्ञानाचा एक कण तरी आहे का? असेल तर दाखव. आणि ज्ञान म्हणजे बुवांच्या पोथीत असेल तेच! नाही दाखवलास, तर आजच्या आज वाडा सोडायचा."

वाड्याचं भिवराला काही नव्हतं, भाकरी कुठंही मिळाली असती. पण पोर तिच्या हातून चार घास खायचं, तेही बंद होणार होतं.

"दावते, महाराज. पर दुपारी, बाळराजांच्या जेवणाच्या वक्ताला."

"जेवणाचा काय संबंध?"

"उपाशीपोटी ज्ञान पचत न्हाई, असं म्हनत्यात."

महाराजांनी मान डोलावली. हे पोथीत असावं, असं त्यांना वाटलं.

दुपारी प्रज्ञामहाल भरला. कडी लागली. पंडित पोथ्या उघडून बसले.

"गोष्ट तर सगळ्यांना ठावं हाय," भिवरा म्हणाली. "कावळ्याचं घर शेणाचं, चिमणीचं मेणाचं. लई पाऊस झाला. एक घर गेलं, एक राहिलं. बुवा, असं का वो?"

"शेण पाण्यात विरघळतं, मेण विरघळत नाही!" बुवा ताडकन म्हणाले. "हा आमच्या पोथीतलाच प्रश्न आहे!"

"बघा! म्हंजी एक कण घावला."

महाराज गादीवर जरा पुढे सरकले.

"मग कावळा भिजत आला. चिमणीताई, दार उघड, म्हनला. चिमणी आतून म्हनती, थांब, माझ्या बाळाला आंघूळ घालते. बुवा, चिमणी आंघूळ कशात करती?"

"धुळीत!"

"पान्यात न्हाई?"

बुवांनी पान उलटलं. पुन्हा सुलटलं. "करतही असेल. पण पोथीत धूळच आहे!"

"मग धो धो पावसात धूळ कुठनं आली?"

महाराज एकदम उठून उभे राहिले. "म्हणजे चिमणी खोटं बोलली! लहानपणापासून ऐकतोय ही गोष्ट, आणि एकाच्याही लक्षात आलं नाही? बुवा, तुमच्याही?"

बुवा पोथीच्या मागे झाले.

"आता शेवटचं," भिवरा म्हणाली. "कोकिळेची पिल्लं कोण वाढवतं?"

"कावळा!" या वेळी महाराजच ओरडले.

"तर बघा महाराज. परक्याची पोरं वाढवनारा भाईर भिजतुया, आन सवताच्या पोराच्या नावानं सबबी सांगनारी आत कडी घालून बसलीया!"

"शाबास!" महाराज येरझाऱ्या घालू लागले. "पण ती खोटं का बोलली? दार उघडायला तिचं काय जात होतं? बुवा, शोधा! मला उत्तर हवं!"

सगळ्या पोथ्यांची पानं फडफडू लागली. चिमणी का खोटं बोलली, हे कुठंच नव्हतं.

इतक्यात दारावर इवल्या मुठीनं थाप पडली. "आबा, दार उघडा! भूक लागली!"

"थांब रे!" महाराज मागे न बघताच म्हणाले. "एवढा प्रश्न संपू दे!"

पानांची फडफड थांबली. पंडितांनी एकमेकांकडे पाहिलं. महाराजांच्या मात्र काही ध्यानात आलं नव्हतं. "अरे, शोधा ना! चिमणीनं दार का उघडलं नाही?"

भिवरा हात जोडून म्हणाली, "आता ते पोथीत कशाला हुडकायचं, महाराज? तुमीच सांगा की!"

महाराजांनी तिच्याकडे पाहिलं. मग दाराकडे. बाहेरून पुन्हा आवाज आला, "आबा, उघडा ना!"

आणि महाराज हसत सुटले! इतके, की मुकुट घसरून बुवांच्या पोथीवर पडला. ते स्वतः दाराशी गेले, कडी काढली आणि पोराला उचलून कडेवर घेतलं. "भिवरा, मला चिमणी केलंस ना! वर माझ्याच पंडितांच्या तोंडून! माग, काय हवं ते माग!"

"ती कडी द्या, महाराज."

"कडी? अगं, सोनं माग!"

"सोनं तुमी देनारच की! कडी इसरून जाल."

महाराज पुन्हा खदखदून हसले. सुताराला बोलावून कडी तिथल्या तिथं उखडली आणि सोन्याच्या पाटल्यांसह भिवराच्या ओटीत टाकली. मग भर दरबारात गादीवरच ताट मांडून महाराज पोराला भरवू लागले, "हा घास चिऊचा, हा घास काऊचा, आणि हा घास भिवराचा!" पोरानं वाटी चाटूनपुसून संपवली.

दामोदरबुवांनी काय केलं? त्यांनी लगबगीनं पोथीत नवा प्रश्न लिहून घेतला, 'राजवाड्यातल्या कोणत्या दाराला कडी नाही?' मोगरखिंडीतली पोरं तो अजून घोकतात. उत्तर सगळ्यांना येतं. कडी का नाही, ते मात्र दायांना विचारावं लागतं!