खिशातला ट्रॅकर

एका गावात एक भोळा राहत होता, असं म्हटलं की लोक विचारतात, कोण? उगाच वेळ कशाला घालवा. तो मीच. तुळशीदास खंडारे, बोरगव्हाणचा टेम्पोवाला.

आमच्या गावात शाळेतून निवृत्त झालेल्या सोळंके बाई आहेत. तीस वर्षं त्यांनी पोरांना शिकवलं की पृथ्वी गोल आहे. एक दिवस मला म्हणाल्या, "तुळशा, मी नुसतं पुस्तकात वाचून सांगितलं रे. एकदा स्वतः बघायचंय." म्हणून त्यांनी पेन्शनीतून मोठा फुगा आणला. फुग्याखाली थर्माकोलचं खोकं. खोक्यात कॅमेरा आणि ट्रॅकर. ट्रॅकर म्हणजे काडेपेटीएवढं यंत्र. 'मी इथं आहे' असं रेडिओवरून सांगत राहतं. फुगा ढगांच्याही वर जाणार, फुटणार, खोकं छत्रीने खाली येणार, आपण ट्रॅकरच्या मागे जाऊन ते शोधणार आणि फोटो बघणार. गॅसचं नळकांडं स्कूटरवर मावत नव्हतं, म्हणून मी. नाहीतर मला कोण विचारतंय.

पहिल्या खेपेला बाई म्हणाल्या, "मी दहा मोजते. दहा झाले की फुगा सोड."

मी म्हटलं, "बरं बाई."

आठ झाले आणि बाईंना दिसलं, खोक्याची गाठच मारलेली नाही. त्या मोजायच्या थांबल्या. पण दहा म्हणजे दहा. उरलेले दोन मी मोजले आणि सोडला. फुगा वर गेला. खोकं चटईवर राहिलं.

"अरे गाढवा," बाई म्हणाल्या, "बांधल्याशिवाय काही सोडायचं नाही."

"बरं बाई." डोक्यात पक्कं बसवलं.

दुसऱ्या खेपेला मी स्वतः बांधलं. फुगा खोक्याला बांधला. पण खोकं मोकळंच दिसत होतं, म्हणून ते टेम्पोच्या हुकाला बांधलं. बाईंनी दहा मोजले, मी फुगा सोडला. फुगा वर जाऊन लटकला. मग वारा आला, फुगा बाभळीवर आपटला आणि फाटला.

बाईंनी कपाळाला हात लावला. "तुळशा, जो जायला निघालाय त्याला अडवू नये रे. जाऊ द्यावं."

"बरं बाई." हेही बसवलं.

तिसऱ्या खेपेला सगळं झकास झालं. फुगा गेला, फुटला, ट्रॅकरने बरोबर जागा सांगितली. खोकं कालव्यात पडलं होतं. बाई मागून काठी टेकत येत होत्या, मी पुढे पळालो. खोकं वाहत वाहत माझ्या पायाशी आलं. हात घातला असता तर मिळालं असतं. पण ते जायला निघालं होतं. मी बाजूला सरकलो आणि वाट दिली.

बाई येऊन पोचल्या. काठावर बसून राहिल्या. मला फार वाईट वाटलं. मग हळूच म्हणाल्या, "कॅमेरा दुसरा आणता येईल रे. पण ट्रॅकर गेला की सगळं गेलं. ट्रॅकर कधी हातचा जाऊ द्यायचा नाही."

"बरं बाई," मी म्हटलं. आईची शपथ घेतली.

चौथी खेप शेवटची होती. नळकांडं शेवटचं, फुगा सोडायची परवानगी एकाच सकाळची, आणि बाईंचा मुलगा त्यांना कायमचं नाशिकला न्यायला संध्याकाळी येणार होता. बाईंनी नवा ट्रॅकर सुरू करून नव्या खोक्यात ठेवला. "टेप तेवढी लाव," म्हणाल्या. मी लावली. गाठी बघितल्या. टेम्पो बघितला, कुठे बांधलेला नव्हता. दहा झाले. फुगा सरळ वर गेला आणि ढगात शिरला. बाईंच्या डोळ्यांत पाणी आलं. माझ्याही आलं.

मग आम्ही टेम्पोतून निघालो. बाईंच्या मांडीवर लॅपटॉप, हातात ट्रॅकरची दिशा दाखवणारी अँटेना.

"अगदी जवळ दाखवतोय," बाई म्हणाल्या. "पुढे चल."

मी पुढे गेलो.

"तोही पुढे गेला. डावीकडे वळ."

मी वळलो.

"तोही वळला. वेग चाळीसचा आहे."

मी काट्याकडे बघितलं. "आपलाही चाळीसच आहे, बाई."

"उंची काही वाढत नाही रे. बिघडला की काय?"

फाट्यावर चहाला थांबलो. बाई म्हणाल्या, "आता थांबलाय."

"त्यालाही दम लागला असेल," मी म्हटलं.

असे चार तास फिरलो. शेवटी माळावर बाईंनी टेम्पो थांबवायला लावला. खाली उतरल्या, कपाळावर हात धरून आभाळात बघत राहिल्या. मग अँटेना हळूहळू फिरवली आणि ती माझ्या छातीसमोर येऊन थांबली. बाई एकदा अँटेनाकडे, एकदा माझ्याकडे बघू लागल्या. म्हाताऱ्या माणसाचा एवढा घोर मला बघवेना.

"बाई, कशाला एवढ्या घाबरता?" मी म्हटलं आणि सदऱ्याच्या आतल्या खिशातून ट्रॅकर काढून त्यांच्या हातावर ठेवला. "खोकं गेलं तर जाऊ द्या. या खेपेला ट्रॅकर मी हातचा जाऊ दिलेला नाही."