गोजराची खरी उत्तरं

"खोटं बोललीस तर पाठीवर फटके. आणि खरं बोललीस तर झोपडी खाली करायची, उद्याच्या उद्या," राजा उदयभान म्हणाला. "आता बोल, काय बोलशील?"

गोजरा हात जोडून उभी होती. राजाच्या तेलताडाच्या बागेत पुरुषांनी लांब बांबूला कोयता बांधून घड पाडायचे आणि घडातून निखळून सांडलेली लाल फळं बायकांनी टोपलीत वेचायची, अशी रीत. गोजरा वेचणाऱ्यांतली. तिच्याकडे प्रत्येक गोष्टीला उत्तर असतं, हे कुणीतरी राजाच्या कानावर घातलं आणि तिची इथे वर्णी लागली.

प्रकार असा होता. राजाचा सगळा थाट त्या बागेच्या तेलावर चालायचा आणि ते तेल समुद्रापलीकडचा कासमशेठ विकत घ्यायचा. यंदा मात्र शेठने निरोप धाडला होता: "आमच्याकडची गिऱ्हाइकं फार चौकस झालीत. साबणाची वडी घेताना विचारतात, यातलं तेल कुठलं? रान तोडून काढलं का? कामकऱ्यांना दोन घास नीट मिळतात का? तेव्हा मी बागेत येईन आणि कामावरच्या माणसाशीच बोलेन." शेजारच्या राजाने आपली माणसं पढवून उभी केली होती. शेठने ते दुसऱ्या वाक्याला ओळखलं आणि जहाजं रिकामीच परत नेली. म्हणून शेठपुढे उत्तरं द्यायला राजाने गोजराला निवडलं होतं.

"म्हणजे सरकार, वाईट सांगायचं नाही आणि खोटंही सांगायचं नाही," गोजरा म्हणाली.

"बरोब्बर."

"मग चांगलं आणि खरं, तेवढंच सांगायचं."

कारभारी दुलबाजी मिशीतल्या मिशीत हसला. "असं तिथं काय आहे, ते मलाही ऐकायचंय."

"एक मागणं आहे, सरकार. मी बोलेन तेव्हा तुम्ही शेजारी उभे राहा. तुम्ही असलात की मला धीर येतो."

राजा खूश झाला. आपल्यामुळे कुणाला धीर येतो, हे तो पहिल्यांदाच ऐकत होता.

घरी नवरा भांडी बांधायलाच बसला होता. "असू दे ती चुलीपाशी," गोजरा म्हणाली. "उद्या भाकरी कशात थापू?"

दुसऱ्या दिवशी कासमशेठ आला. गोल, हसरा माणूस, पण नजर तराजूच्या काट्यासारखी. ती थेट गोजराच्या पायांवर गेली.

"ताई, पायाला या चिंध्या कसल्या?"

"ताडाच्या झावळ्यांना बोटाएवढे काटे असतात, शेठजी."

दुलबाजीला ठसका लागला.

"मग चपला नाहीत?"

"मिळणार ना! सगळ्यांना, आणि त्याही तुमच्यासमोर. त्यासाठीच तर महाराज स्वतः आलेत. विचारा त्यांना."

राजाने गोजराकडे पाहिलं, शेठकडे पाहिलं, आणि मग बंदरात उभ्या असलेल्या रिकाम्या जहाजांकडे पाहिलं. "हो तर," तो म्हणाला. "चपलाच."

"जाड तळाच्या," गोजरा म्हणाली.

"जाड... तळाच्या."

शेठने मान डोलावली. "आणि बायकांना मजुरी काय?"

आजवर बायकांचं वेचणं नवऱ्याच्या कामातच धरलं जायचं. गोजराने क्षणभरही वेळ लावला नाही. "पुरुषांइतकीच. महाराज म्हणतात, घाण्यात गेल्यावर फळ पुरुषाचं की बाईचं हे तेलाला कळत नाही, मग मजुरीला कसं कळावं?"

राजा जन्मात असं काही बोलला नव्हता. पण आपल्या तोंडचं म्हणून ऐकल्यावर ते त्याला फारच आवडलं. "म्हणतो बरं का मी असं," तो छाती पुढे काढून म्हणाला.

एवढ्यात टेकडीवरून आवाज आला. ठक. ठक. ठक.

शेठचं हसू मावळलं. "हा कसला आवाज?"

राजाचा चेहरा पांढरा पडला. नव्या बागेसाठी रान तोडायला माणसं लावली होती, आणि शेठ येणार म्हणून आजच्यापुरतं काम थांबवायचं दुलबाजी साफ विसरला होता. गोजराने टेकडीकडे पाहिलं. वस्तीच्या पिण्याच्या पाण्याचा झरा त्याच रानात होता.

"कुऱ्हाडींचा, शेठजी," ती म्हणाली.

"म्हणजे रान तोडताय?"

"महाराजांना तो आवाज सहन होत नाहीये, पाहा ना कसा चेहरा उतरलाय. ते थांबवायला कारभाऱ्यांना धाडतायत. दुलबाजी, तुमचा घोडा त्या झाडाला बांधलाय."

राजा गर्रकन वळला. "दुलबाजी, तू अजून इथंच?"

दुलबाजीने पगडी सावरत धूम ठोकली. सगळे कान देऊन उभे राहिले. ठक. ठक. मग एक अर्धवट ठक. मग रानातल्या पाखरांचा कलकलाट तेवढा ऐकू येऊ लागला.

"हुकूम इतक्या लवकर टेकडी चढताना मी कधी पाहिला नव्हता, राजेसाहेब," कासमशेठ म्हणाला. "सगळं तेल माझं. पुढल्या वर्षी पुन्हा येईन. चपला किती झिजल्यात, ते बघायला."

शेठ बंदराकडे गेला आणि राजा गोजरावर उखडला. "लुटलंस मला! चपला, मजुरी, रान! यातलं एक तरी खरं होतं का? मागवू का फटके?"

"मागवा, सरकार. पण मी बोललेल्या प्रत्येक शब्दाला तुम्ही हो म्हणालात. ते खोटं असेल तर शेठसमोर तुम्हीही खोटं बोललात. आता राजा खोटं बोलतो असं मी कोणत्या तोंडाने म्हणू?"

राजाने बोलायला तोंड उघडलं, आणि त्यातून हसूच बाहेर पडलं. हसता हसता त्याने कमरेचा शेला सोडून डोळे पुसले. "झोपडी तुझीच. आणखी काय हवं ते माग."

"आता काही नको. पुढल्या वर्षी शेठ येतील तेव्हा उत्तरं द्यायला मलाच उभी करा."

"नको गं बाई, राज्यच जाईल माझं! त्यापेक्षा आजपासून या बागेची मुकादम तूच. तू काय देऊन बसशील ते निदान तुलाच निस्तरावं लागेल!"