अकराव्या ओवीतला उंबर

फार जुनी गोष्ट आहे. इतकी जुनी, की तेव्हा राजा कोण होता असं विचाराल तर मला सांगता येणार नाही, आणि थापा मी मारत नाही. पण नदी होती, एवढं नक्की. बाळांनो, जवळ सरका. मागं भिंतीला टेकून बसलेल्या मोठ्या माणसांनो, तुम्हीही कान द्या, कारण या गोष्टीत चुकलेत ते मोठेच.

नदीकाठी नावाड्यांचं एक गाव होतं. नदी रुंद, तळाला खडक, मधे वाळूचे दांडे आणि भोवरे. गावच्या पूर्वजांनी नदीची सगळी वाट चाळीस ओव्यांत बांधून ठेवली होती. कुठं वळायचं, कुठल्या झाडासमोर कुठली बाजू धरायची, सगळं त्या ओव्यांत. गावात पाठशाळा होती, पाठशाळेत पंतोजी होते, आणि पंतोजी शिकवत ते एवढंच: चाळीस ओव्या, न अडखळता.

मूल चौदा वर्षांचं झालं की त्यानं घाटावर सगळ्या गावासमोर उभं राहायचं. ओव्या धडाधड म्हटल्या की पंतोजी त्याच्या हातात फुलं बांधलेला बांबू द्यायचे. बांबू मिळाला की तो नावाडी. आता गंमत ऐका. तो बांबू नावेच्या कडेला बांधून ठेवायचा, पाण्यात घालायचाच नाही! नाव वल्ह्यांनी न्यायची आणि तोंडानं ओव्या म्हणायच्या. जो बांबू घालून तळ चाचपेल तो ओवी विसरला, असं लोक समजत. बायका तोंडाला पदर लावून हसत. त्याच्या घरी सोयरीक करायलाही माणसं बिचकत. आहे की नाही शहाणपण?

या गावच्या थोरल्या नावाड्याला एक लेक होती. तिचं नाव राही. पोर चुणचुणीत, पण तोंडापेक्षा डोळे जास्त चालायचे. चौदावं लागलं तशी ती घाटावर उभी राहिली. दहा ओव्या छान म्हणाली. मग अकरावी आली.

"अकरावी खूण, उंबराची साउली,
डावीकडं नाव, सुखे पार झाली."

पहिली ओळ म्हणून राही थांबली. तिनं नदीकडं बघितलं.

"पंतोजी, तो उंबर कललाय," ती म्हणाली. "पुरानं त्याची मुळं उघडी पडलीत. उद्या तो पडला, तर ही खूण कुठं शोधायची?"

कुणीतरी फिस्सकन हसलं, आणि मग सगळा घाट हसला. पंतोजी मनानं वाईट नव्हते हो. पण उभ्या जन्मात त्यांना ओवीवर कुणी प्रश्न विचारला नव्हता.

"ओवी येत नसली की माणसाला शंका सुचतात," ते म्हणाले. "बस खाली."

दुसऱ्या वर्षी ती पुन्हा उभी राहिली. समोर ती सगळी तोंडं दिसली आणि पहिल्याच ओवीला ती अडखळली. तिसऱ्या वर्षी ती गेलीच नाही. पोट दुखतंय म्हणून घोंगडं ओढून पडून राहिली, आणि बाहेरून वाजणाऱ्या टाळ्या मोजत बसली. तेव्हापासून गावानं तिचं नाव बदललं. राहीची रिकामी झाली. हातात बांबू नाही, म्हणून रिकामी.

तिचे वडील तिला ओरडले नाहीत. ओरडले असते तर बरं झालं असतं, असं तिला वाटे. त्यांनी बोलणंच सोडलं. जेवताना लेक हाताच्या अंतरावर बसलेली असायची, तरी ते बायकोला म्हणायचे, "तिला म्हणावं, मीठ दे." आणि ती मीठ द्यायची. घरात एवढंच काय ते तिचं काम उरलं.

बरोबरीची पोरं नावांवर गेली. त्यांच्याशी बोलायला राहीकडे काही नव्हतं. एकटेपणाची एक खोड असते, बरं का. आधी तो दुसरे आपल्यावर लादतात, मग आपणच त्याला जपायला लागतो. कुणी समोरून आलं की राही वाट बदलायची. बदलत बदलत एक दिवस ती गावापासून फार लांब, नदीच्या आटलेल्या पात्रात जाऊन पोचली.

तिथं एक म्हातारी होती. पाणी उतरलं की पात्रातल्या वाळूत ती कलिंगडांची वाडी लावायची. आळी खणायची, शेणखत घालायचं, घागरीनं पाणी द्यायचं, सगळं एकटीनं.

"काय गं, इकडं कशी?" म्हातारीनं विचारलं.

"मला काही येत नाही," राही म्हणाली.

"मी कुठं तसं विचारलं? माझी कंबर धरलीय. ओल किती खाली आहे, तेवढं हात घालून बघ."

राहीनं वाळूत हात घातला. "कोपरापर्यंत घातला की लागते."

"मग तिथं आळं कर."

बस्स, एवढंच. राहीला वाटलं, आता ही स्वतः हात घालून तपासेल. म्हातारीनं तपासलं नाही. तिनं आळ्यात बी टाकलं आणि ती पुढं सरकली. राही कितीतरी वेळ त्या आळ्याकडं बघत राहिली.

दुसऱ्या दिवशी ती परत आली, तिसऱ्या दिवशीही आली. म्हातारी कधी शाबास म्हणाली नाही, आणि मूर्ख तर कधीच म्हणाली नाही. काही विचारलं की तिचं उत्तर ठरलेलं: "घालून बघ."

"आजी, तुम्हाला नदीच्या ओव्या येतात?" राहीनं एकदा विचारलं.

"एक येत नाही. अगं, नदी दरसाल वाळू हलवते. गेल्या सालची वाडी कुठं होती ते मला पाठ आहे, पण त्याचं काय करू? तिथं आज छातीएवढं पाणी आहे."

म्हातारीनं तिला एक बांबू दिला. बिनफुलांचा, धरून धरून गुळगुळीत झालेला. पलीकडच्या काठावरून शेणखत आणायचं ते रोज नव्या वाटेनं, असा तिचा दंडक. राही बुडाली, नाकातोंडात पाणी गेलं, खोकत बाहेर आली. म्हातारी आळ्यापाशी बसूनच म्हणाली, "कळलं ना? आता तिथनं नको जाऊस." हळूहळू राहीच्या पायांना नदी कळायला लागली. घट्ट वाळू, फसवी वाळू, वरून शांत आणि खालून ओढणारं पाणी.

कलिंगडं धरली, मोठी झाली. एक गाडीवान आला आणि म्हणाला, "म्हातारे, यातलं पिकलेलं कुठलं?"

"तिला विचार. मला ऐकू येत नाही," म्हातारी म्हणाली. (तिला मुंगी चाललेली ऐकू येत होती, पण ते जाऊ द्या.)

राहीनं कलिंगडावर टिचकी मारली, दुसऱ्यावर मारली. सांगायला तोंड उघडलं तर शब्द फुटेना. गाडीवान हसला नाही. त्यानं बैलांच्या पाठीवर हात ठेवला आणि वाट बघितली.

"हे आजचं," ती शेवटी म्हणाली. "ते परवाचं."

त्यानं तिथंच फळ कापलं. आत लालबुंद. "अजून चार काढून दे," तो म्हणाला. राही वेलींत वाकली आणि खाली मान घालून रडली. किती दिवसांनी तिला कुणी काही विचारलं होतं आणि उत्तरासाठी थांबलं होतं!

पावसाळा तोंडावर आला तेव्हा म्हातारीनं चिंधीत बी बांधलं आणि राहीच्या हातात ठेवलं.

"मी लेकीकडं जाते. पाणी उतरलं की येईन. नाही आले, तर वाडीची जागा तू शोध."

"मी? एकटी?"

"मग? तळ बघायला काय वरात घेऊन जायचं असतं?"

म्हातारी गेली. पाण्यानं वाडी नेली. राही पुन्हा घरात, पुन्हा मिठापुरती.

त्या वर्षी मोठा पूर आला आणि उंबर गेला. सकाळी लोक काठावर आले तर झाडाच्या जागी खळगा. गाव हळहळलं. पंतोजी म्हणाले, "उंबर गेला तर गेला. जागा सगळ्यांना ठाऊक आहे. ओवी शाबूत आहे."

राहीच्या प्रश्नाची आठवण कुणालाच झाली नाही.

पाणी उतरू लागलं. म्हातारी आली नाही. राही रोज बांबू घेऊन एकटीच नव्या वाळूचा माग काढायची. एका दुपारी ती वाळूच्या दांड्यावर उभी राहून डाव्या धारेत बांबू घालत होती, तर आवाज आला: ठक्. खडक म्हणावा तर इथं कधी खडक नव्हता. तिनं पुन्हा घालून बघितलं, खरवडून बघितलं. बांबूच्या टोकाला साल आली. उंबराची. अख्खा उंबर डाव्या धारेत आडवा पडला होता, गढूळ पाण्याखाली जेमतेम वीतभर.

दुसऱ्या दिवशी पलीकडच्या काठावर जत्रा होती. पुरानंतरची पहिली खेप, आणि नाव न्यायची ती तिच्या वडिलांनी.

राही धावत घरी आली. वडील ओसरीवर वल्ही पुसत होते. ती त्यांच्यासमोर उभी राहिली. त्यांनी मान वर केली नाही. तिनं आत जाऊन आईला सांगितलं. आईनं दाराकडं बघितलं आणि आवाज दाबून म्हणाली, "तू नको पडू त्यात, बाई. आधीच काय कमी झालंय? उद्या त्यांचं डोकं ठिकाणावर राहू दे."

सकाळी नाव निघाली. चाळीसेक माणसं, त्यात राहीची आई, कडेवरची पोरं, आणि पुढं पंतोजी. राही आधीच जाऊन वाळूच्या दांड्यावर उभी होती. पाण्यावरून ओव्या ऐकू येत होत्या. आठवी झाली, नववी झाली. दहाव्या ओवीला तिला सगळ्यांची तोंडं दिसली. घाटावरचीच ती तोंडं! तिनं बांबू वाळूत रोवला, दोन्ही हातांनी घट्ट धरला आणि ओरडली.

"बाबा! थांबा! डावीकडं उंबर पडलाय!"

नावेत हशा पिकला. "रिकामीला अजून अकरावीच नडतेय!" कुणीतरी म्हणालं. पंतोजींनी आवाज चढवून ओवी सुरू केली. नाव डावीकडं वळली.

"माझं ऐकू नका!" राहीचा आवाज फाटला. "बांबू घालून बघा!"

वडिलांची वल्ही थांबली. त्यांनी लेकीकडं बघितलं. कडेला पाणी ओढत होतं आणि ती पाय रोवून उभी होती, मुरलेला नावाडी उभा राहतो तशी. मग त्यांनी नावेच्या कडेला बांधलेल्या बांबूकडं बघितलं. सात पिढ्यांत त्यांच्या घराण्यात कुणी तो दोर सोडला नव्हता.

त्यांनी दोर सोडला.

"अहो, काय करताय हे?" पंतोजी म्हणाले. "लोक काय म्हणतील?"

"म्हणू द्या," थोरला नावाडी म्हणाला. "बुडाली तर तीच माणसं बुडायचीत."

फुलांसकट बांबू पाण्यात गेला. ठक्. तो आवाज नावेतल्या सगळ्यांनी ऐकला. वडिलांनी वल्ह्यांवर सगळा जोर टाकला, नाव वळली, आणि उंबराची एक बुडालेली फांदी नावेच्या कुशीला खरवडत गेली. पोरं रडायला लागली. कुणीच ओवी म्हणत नव्हतं.

तेवढ्या शांततेत वडिलांनी पाण्यावरून हाक मारली, "राही! पुढं कुठनं घालू?"

एवढ्या दिवसांत ते तिच्याशी पहिल्यांदा बोलले, आणि बोलले ते तिला विचारायला. आणि उत्तर येईपर्यंत वल्ही उचलून थांबले.

"उजवीकडनं, बाबा!" ती रडत रडत ओरडली. "माझ्या समोरून या! इथं भरपूर पाणी आहे!"

नाव पार झाली. त्या संध्याकाळी वडील जेवायला बसले आणि म्हणाले, "राही, मीठ दे गं." पदराआड आईचे डोळे पाझरत होते.

पंतोजींनी आठवड्यात नवी अकरावी ओवी रचली, बुडालेल्या उंबराची, आणि गावानं ती लगेच पाठही केली! राहीला हसू आलं. "पुढच्या पुरापर्यंतच हं, पंतोजी," ती म्हणाली.

मात्र घाटावर एखादं पोर अडखळलं, तर आता पंतोजी त्याला खाली बसवत नाहीत. राहीकडं पाठवतात. ती अशा पोरांना बिनफुलांचे बांबू देते आणि पुरानंतर नदीत उतरवते. तीच पोरं आता दरसाल नावांसाठी नवी वाट आखतात, आणि त्यांनी हो म्हटल्याशिवाय गावची एकही नाव सुटत नाही. कधीकधी पंतोजीही धोतर खोचून मागून येतात. पाणी गार आहे म्हणून कुरकुरतात, पण येतात.

म्हातारी काही परत आली नाही. जिला हे सगळं सांगावं असं राहीला फार वाटे, नेमकी तीच नव्हती. त्या साली पाणी पुरतं उतरलं तेव्हा राही एकटी वाळूत बसली, जागोजाग हात घालून बघितला, आणि कोपरापर्यंत घातल्यावर ओल लागली तिथं आळं करून चिंधीतलं बी टाकलं.

म्हणून सांगतो, अडखळलेल्या लेकराला घाटावरून उठवू नये. ते जिथं अडलं, तिथं आधी आपण बांबू घालून बघावा.