कावळ्याने आखलेली वाट

गावांपेक्षा वारुळं जास्त होती तेव्हाची गोष्ट. एका वारुळाची वाट पावसात वाहून गेली. नवी आखायला जाणकार हवा होता.

गांडूळ म्हणालं, "पाणी कुठे तुंबतं ते मला ठाऊक आहे."

पण हजार वाटा पाहिलेल्या कावळ्यापुढे चिखलातल्या गांडुळाला कोण विचारतो? कावळ्याला नेमलं. त्याने वारुळापासून गुऱ्हाळापर्यंत सरळ रेघ आखून दिली.

मुकादम मुंगी रेघेवरून निघाली आणि मधल्या डबक्यापाशी अडली. रेघ तर बरोबर होती. मग आपलंच काही चुकतंय का, तिला कळेना.

"कावळेदादा, इथे पाणी आहे हो!"

"पाणी?" कावळाही बुचकळ्यात पडला. "मी रोज इथूनच जातो. कधी पाय भिजला नाही."

मुंगीने त्याचे पाय निरखून पाहिले. खरंच, कोरडे ठणठणीत होते.