आत्याचा कडा

करंजघोळ गावाच्या पश्चिमेला माळ संपतो आणि जमीन एकदम तुटते. त्या जागेला आत्याचा कडा म्हणतात. तिथे देऊळ नाही, समाधीही नाही. नुसता एक दगड आहे. पाहुणे तिथवर आले की गुरवांचे धोंडूआबा आधी त्यांना वहाणा काढायला लावतात आणि मग हकिकत सांगतात.

फार मागे गावात विश्वंभर नावाचा पुराणिक होता. पैठणला शिकून आलेला. वाणी इतकी शुद्ध, की अर्थ न कळणाराही मान डोलवी. लग्नानंतर बऱ्याच वर्षांनी त्याला मुलगी झाली. पोथ्या धुंडाळून त्याने तिचं नाव काढलं : द्युतिमती. म्हणजे तेजस्विनी. असं नाव पंचक्रोशीत कुणी ऐकलं नव्हतं, आणि याचाच त्याला जास्त अभिमान होता म्हणे.

बारशाला नाव ठेवायचा मान आत्याचा. विश्वंभरची थोरली बहीण यमुनाक्का विधवा होती, त्याच्याच घरी राहायची. आईमागे तिनेच त्याला वाढवलं होतं. तिने बाळाच्या कानाशी तोंड नेलं आणि मायेने म्हणाली, "कुर्रऽऽ... दुधमती."

बायका फिसकन हसल्या. विश्वंभरचा चेहरा पडला. "जीभ वळत नसेल तर बाजूला हो, अक्का," तो सगळ्यांदेखत म्हणाला आणि त्याने स्वतःच बाळाच्या कानात नाव सांगितलं. यमुनाक्का चुलीपाशी जाऊन बसली.

पण गावाची जीभ कोण वळवणार? दुधमतीची दुधी झाली. विश्वंभर चिडायचा. पोर बोलायला लागली तशी त्याने तिला बजावलं, "जो नीट नाव घेईल, त्यालाच ओ द्यायची. बाकी कुणाला नाही." पोर बापाच्या शब्दाबाहेर नव्हती. आत्या जेवायला हाक मारी, ही गप्प बसे. शेवटी यमुनाक्काच ताट घेऊन तिच्यापाशी येई.

पोर पाच वर्षांची झाली त्या श्रावणातली गोष्ट. तेरड्याची फुलं तोडायला ती एकटीच माळावर गेली आणि भरदुपारी धुकं उतरलं. दोन हातांवरचं दिसेना. सारा गाव माळावर धावला. "दुधीऽऽ! दुधीऽऽ!" चहूकडून हाका उठल्या. पोर कड्याजवळच्या कपारीत बसली होती. हाका ऐकत होती म्हणतात.

विश्वंभर ऊर फुटेस्तोवर पळत आला. हाक मारायला गेला, तर धापेने आणि रडण्याने जीभ वळेना. "दुतमती! दुधु..." एवढंच निघालं. पोरीने बापालाही ओ दिली नाही.

यमुनाक्का सगळ्यांच्या पुढे होती. तिचा आवाज कड्याकडे सरकत गेला. "दुधे, बाय माझे, कुठं गं तू?" मग दगड घरंगळला. त्यानंतर तो आवाज आला नाही.

धुकं फाटलं तेव्हा पोर सापडली. ओलीचिंब, पण धडधाकट. विश्वंभरने तिला पोटाशी धरून विचारलं, "ओ का नाही गं दिलीस?"

"आत्या चुकीचं म्हणत होती," पोर म्हणाली. "आणि बाबा, तुम्हीसुद्धा."

सारा गाव ऐकत उभा होता. कुणी त्याला एका शब्दाने बोललं नाही, आणि तेच त्याला सोसेना. त्याची मान जी खाली गेली, ती यमुनाक्काच्या तेराव्यापर्यंत वर आली नाही. त्या दिवशी पागोटं काढून त्याने ते कड्यावरच्या दगडापाशी ठेवलं आणि गावापुढे हात जोडले. "पोरीचा काही दोष नाही. अक्काला माझ्या तोऱ्याने मारलं. अक्काने कानात सांगितलं तेच हिचं नाव." पुढे तो जगला पुष्कळ, पण पुराण सांगायला पुन्हा कधी बसला नाही, असं सांगतात.

आजही करंजघोळात बारसं असलं की आत्या बाळाला घेऊन या दगडापाशी येते आणि दरीकडे तोंड करून नाव पुकारते. घरच्यांनी काहीही योजलेलं असो, तिच्या तोंडून जे निघेल, तेच नाव राहतं. आणि गावात कुणालाही कसल्याही मोडक्यातोडक्या नावाने हाक मारा, माणूस आधी ओ देतो. नाव चुकलं म्हणून समोरच्याला सुधारणं ही तिथे लाजेची गोष्ट समजतात.